साडेआठचा पाऊस

संपादकांचा फोन आला तेव्हा मी आधी हसले. दिवाळी अंकात 'कामातले दिवस' असा विभाग असतो, त्यात लिहा म्हणाले. मी म्हटलं, साहेब, त्यात निवृत्त स्टेशनमास्तर लिहितात, बँकेतून सुटलेले लोक लिहितात. मी एकोणतीस वर्षांची आहे. माझी पेन्शन सोडा, पगारच अजून धड सुरू व्हायचाय. ते म्हणाले, "पण तुम्ही करता काय, ते कुणालाच माहीत नाही." हे खरं आहे. माझ्या आईलाही माहीत नाही. ती शेजारणींना सांगते, "ती पावसाचं काहीतरी करते. सरकारी नाही."

तर सांगून टाकते. मी पावसाचे नकाशे काढते आणि ते घेऊन भांडते.

सोलापुरातल्या एका छोट्या संघटनेत मी कॉलेजात असल्यापासून आहे. माझं खरं शिक्षण पत्रकांवर झालं. मथळ्यात प्रश्न, पहिल्या ओळीत आरोप, शेवटच्या ओळीत वार, वेळ आणि ठिकाण. समोरच्याचा चहा संपायच्या आत वाचून व्हायला हवं, हा आमचा नियम. पाणी, रस्ते, रेशन, सगळ्यावर लिहिलं. मग एका निवेदनाच्या वेळी एका साहेबांनी शांतपणे विचारलं, "पाऊस कमी झाला म्हणता. किती कमी? कशाच्या तुलनेत?" माझ्याकडे एकही आकडा नव्हता. फार झोंबलं ते. त्याच महिन्यात जुना लॅपटॉप घेतला आणि मोबाइलवरचे धडे बघून पायथन ही कॉम्प्युटरची भाषा शिकायला लागले.

बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगते. देशाच्या नकाशावर आलेखाचा कागद ठेवलाय असं समजा. एका चौकोनाची बाजू साधारण पंचवीस किलोमीटर. आपल्या जिल्ह्याच्या वाट्याला असे वीसेक चौकोन येतात. रोज प्रत्येक चौकोनात एक आकडा भरलेला असतो, पाऊस इतके मिलिमीटर. तो येतो जमिनीवरच्या पर्जन्यमापकांवरून. ज्या चौकोनात मापक नाही, तिथे शेजारच्यांवरून अंदाजाने भरतात. असा एक कागद म्हणजे एक दिवस. त्याच्यावर दुसऱ्या दिवसाचा कागद, त्याच्यावर तिसऱ्याचा. अशी कित्येक दशकांची थप्पी एका फायलीत मावते, आणि पायथन ही त्या थप्पीत हात घालायची भाषा. तिला सांगायचं, फक्त सप्टेंबरचे कागद काढ. काढते. दक्षिण सोलापूरचा चौकोन तेवढा दे. देते. सगळ्या वर्षांची सरासरी घे, यंदाच्या आकड्यातून ती वजा कर, तूट असेल तिथे तपकिरी रंग, जास्त असेल तिथे निळा. चार-सहा ओळी लिहायच्या आणि बटण दाबायचं.

पहिला नकाशा पडद्यावर उमटला तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले. अख्ख्या देशाचा पाऊस माझ्या टेबलावर! मग नीट बघितलं आणि परत खाली बसले. केरळात ठणठणीत कोरडं होतं आणि लडाखात धो धो चाललं होतं. देश डोक्यावर उभा होता. फायलीतली पहिली ओळ दक्षिणेची असते, आणि चित्र काढणारा आदेश पहिली ओळ वर ठेवतो. दुरुस्ती एका शब्दाची. पण तो शब्द सापडेपर्यंत दोन दिवस माझ्या भारताने शीर्षासन केलं.

गिऱ्हाइकंही भेटली. बार्शीचे एक अडतदार लेकीच्या लग्नाच्या तीन तारखा घेऊन आले. यातल्या कुठल्या दिवशी पाऊस नाही ते सांगा, मांडव मोकळ्यात घालायचाय. मी मागची सगळी वर्षं काढली आणि म्हटलं, तिन्ही दिवशी शक्यता कमी आहे, पण शब्द देता येणार नाही. ते म्हणाले, "शब्द द्यायचा नाही तर कॉम्प्युटर कशाला घेतलाय?" उजनी धरणाच्या फुगवट्याकाठचे एक केळीवाले आपल्या पाच एकरांचा वेगळा नकाशा मागायला आले. मी सांगितलं, काका, तुमचं गाव आणि आजूबाजूची बरीच गावं मिळून एक चौकोन. ते सावरून बसले. "म्हंजी माजा पाऊस आनि माज्या भावकीचा पाऊस एकच धरला व्हय?" एकच, म्हटलं. "हे न्हाय जमायचं," म्हणाले, आणि चहा न पिता गेले.

पण लिहायला बसले ते ह्यांच्यासाठी नाही. होटगीच्या पुढच्या एका गावासाठी बसले. गावाचं नाव सांगत नाही. माझ्यामुळे त्या गावाला एकदा पुरेसा ताप झालाय.

सप्टेंबरातली गोष्ट. त्या गावच्या नागव्वा आमच्या कार्यालयात आल्या. पन्नाशीच्या, आवाज मोठा, घरात कानडी आणि बाहेर मराठी. नवरा रेल्वेत, शेत त्या एकट्या बघतात. आल्या आल्या मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला. "नोड की! बग, ओढा कसा आलाय!" व्हिडिओत तपकिरी पाणी बांधावरून उड्या मारत होतं, आणि उपटून ढीग घातलेला त्यांचा उडीद त्या पाण्यात चालला होता. मागे कुणीतरी कानडीत ओरडत होतं. सोमवारचा दिवस, पहाटेपासून दुपारपर्यंत झोडपलेलं.

भानगड अशी. दिवसाला पासष्ट मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर ते महसूल मंडळ अतिवृष्टीचं धरतात. मंडळ म्हणजे काही गावांचा एकत्र बांधलेला गठ्ठा. अतिवृष्टी लागली तर पंचनामे होतात, नाहीतर तुमचा उडीद वाहिला काय आणि उंदरांनी खाल्ला काय, सारखंच. यादी लागली, त्यात ह्यांचं मंडळ नव्हतं. सोमवारचा आकडा पासष्टच्या आत. आणि मंगळवारीही बऱ्यापैकी पाऊस दाखवलेला, तोही पासष्टच्या आत.

"मंगळवारी कवाचा पाऊस?" नागव्वा कडाडल्या. "मंगळवारी म्या गोधड्या वाळू घातल्या!"

मी लॅपटॉप उघडला. त्या चौकोनाचे दोन कागद काढले. सोमवार निळा. मंगळवारही निळा! सांगायला लाज वाटते, पण मी टाळी वाजवली. चोरी रंगेहाथ सापडली होती. कुणीतरी सोमवारचा अर्धा पाऊस उचलून मंगळवारच्या रकान्यात टाकला, म्हणजे दोन्ही दिवस पासष्टच्या खाली. आणि तोच खोटा आकडा चढत चढत माझ्या नकाशापर्यंत आला. ह्याहून मोठा पुरावा काय पाहिजे?

दुपारी पत्रक लिहून झालं. मथळा होता, 'मंगळवारचा पाऊस कुणी पाडला?' खाली दोन्ही नकाशे शेजारी शेजारी. आणि शेवटी एक ओळ, जी लिहिताना माझी मलाच फार आवडली होती: 'उत्तर हवं असेल तर पर्जन्यमापकाची किल्ली ज्याच्या कमरेला आहे त्याला विचारा.' नाव घातलं नाही. घालायची गरज नव्हती. मंडळातलं आपोआप मोजणारं यंत्र त्या मोसमात बंद होतं, त्यामुळे हाताने मोजलेलाच आकडा धरत होते. किल्ली कुणाच्या कमरेला, ते गावातल्या शेळ्यांनाही ठाऊक होतं.

पत्रकं गुलाबी कागदावर छापली. बाजाराच्या दिवशी मी स्वतः वाटली.

आठ-दहा दिवसांनी कार्यालयाच्या दारात एक गृहस्थ उभे. कपाळाला भस्म, इस्त्रीचा पांढरा शर्ट, काखेत कापडी पिशवी. पन्नाशीच्या पुढचे.

"पत्रक तुमीच लिवलंय न्हवं, ताई?"

"हो."

"अक्षर चांगलं हाय."

"छापलेलं आहे ते."

"तेच की," म्हणाले आणि बाकावर बसले. "मी किल्लीवाला."

त्यांना गाव अप्पा म्हणतं. जुन्या सरकारी विश्रामगृहाचे राखणदार, आणि जोडीला तिथल्या आवारातला पाऊस मोजायचं काम. ते भांडतील म्हणून मी तयार झाले होते. मनात तीन वाक्यं जुळवलीसुद्धा. ते भांडलेच नाहीत. त्यांनी विचारलं, "ताई, तुमचा दिवस कवा सुरू होतोय?"

"म्हणजे?"

"तारीख कवा बदलते तुमची?"

"रात्री बाराला. सगळ्यांचीच."

"रात्री बाराला मी झोपलेला आसतोय. माजी तारीख सकाळी साडेआठला बदलते." पिशवीतून त्यांनी एक वही काढली. सरकारी नोंदवही नाही, त्यांची स्वतःची. "काल सकाळी साडेआठपासनं आज सकाळी साडेआठपातूर जेवडा पडला, तेवडा आजच्या तारखेला लिवायचा. मी ठरवलेलं न्हाय हे. माज्या आदी जे मोजत हुते, तेंच्या आदीपासनं आसंच हाय. सगळीकडं आसंच हाय."

मी वही बघितली. सोमवारची ओळ: आकडा, आणि पुढे बारीक अक्षरात 'पाऊस चालू'.

"चालू पावसात मोजलं?"

"साडेआठ वाजलं की मोजायचं. पाऊस थांबायची वाट बगायची न्हाय. बरणी काडायची, पानी काचेच्या नळीत वतायचं. तवा छत्री नळीवर धरायची, आपल्यावर न्हाय. वरनं एक थेंब नळीत पडला तर त्यो उद्याचा थेंब आजच्यात आला की." त्यांनी वहीवर बोट ठेवलं. "साडेआठच्या आदी पडला त्यो सोमवारचा. नंतर दुपारपातूर पडला त्यो मंगळवारच्या सकाळी मोजला, म्हनून त्यो मंगळवारचा. म्या काय हिकडचं तिकडं केलं, ते सांगा."

काहीच नाही. त्यांनी काहीच इकडचं तिकडे केलं नव्हतं.

मी लॅपटॉपकडे वळले. त्या फायलीसोबत माहितीचा एक कागद येतो, ती कशी बनवली, एकक कुठलं, वेळ कुठली. तो मी कधी वाचला नव्हता. पत्रकं वाचायला लावणारी बाई माहितीपत्रक वाचत नाही! त्यात सरळ लिहिलेलं होतं: जागतिक वेळेप्रमाणे तीन वाजता संपणारे चोवीस तास. जागतिक तीन म्हणजे आपले सकाळचे साडेआठ. मी इतकी वर्षं ज्या नकाशावर 'मंगळवार' लिहीत होते, त्यातला बराचसा पाऊस सोमवारचा होता. प्रत्येक नकाशात. आणि मी त्या नकाशावरून एका माणसाला चोर म्हटलं.

"गावात काय म्हणतात?" मी विचारलं.

"दुकानात गेलो की पोरं इचारत्यात, अप्पा, उद्याचा पाऊस कुटल्या कपाटात ठेवलाय? नागव्वा दारात येऊन श्या देऊन गेली. बाकीची बोलतच न्हाईत." मग त्याच आवाजात म्हणाले, "हापिसातनं खुलासा मागवलाय. तवर किल्ली आनि नळी माज्याकडनं काडून एका दुसऱ्याकडं दिली. त्यो धाला उठतोय. मनाला येईल तवा मोजतोय, नळी तिरकी धरतोय. आनि त्योच आकडा वर जातोय, ताई. तुमच्या चौकोनात."

हे त्यांनी सहज सांगितलं. त्या चौकोनातला सगळ्यांत भरवशाचा माणूस मीच एका पत्रकाने उठवला होता. ज्या आकड्यांवर मी भांडते, ते मीच नासवत होते.

आमच्या संघटनेचे ज्येष्ठ, ज्यांना आम्ही भाऊ म्हणतो, त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "दोन ओळींचा खुलासा काढू. माफीबिफी नको. संघटनेचा दबदबा जातो." मी म्हटलं, भाऊ, दबदबा आपला आणि भोगतायत अप्पा? "मग तुझ्या नावाने काढ," ते म्हणाले.

पण नुसती माफी लिहायला बसले आणि डोक्यात दुसरंच घुमायला लागलं. अप्पा खरे. नागव्वाही खऱ्या. एकाच सकाळी सलग पडलेला पाऊस, त्याच्या बरोबर मधोमध साडेआठ वाजले, आणि एक पाऊस दोन तारखांत वाटला गेला. हे कुणाच्या खोटेपणाने झालं नव्हतं. नियमाने झालं होतं! मग तर हे जास्तच संतापजनक आहे, कारण खोटेपणा एका माणसाचा असतो आणि नियम सगळ्या मंडळांना लागू असतो.

दाखवायचं कसं? चौकोनांची दुसरी एक थप्पी असते, उपग्रहाची. त्यात दर अर्ध्या तासाचा कागद असतो. मी त्या सोमवारचे कागद उतरवून घेतले. तीही जागतिक वेळेत असते, म्हणून साडेपाच तास मिळवले. ह्या वेळी माहितीपत्रक आधी वाचलं, दोनदा. गावाचा चौकोन निवडला आणि अर्ध्या अर्ध्या तासाचे खांब काढले. पहाटे बुटके, मग उंच, मग आणखी उंच, दुपारकडे उतरत गेलेले. कुठे खंड नाही. मग साडेआठवर एक उभी लाल रेघ मारली.

मी ओरडलेच. शेजारच्या शिलाईवाल्या काकू धावत आल्या, शॉक बसला का म्हणून. लाल रेघ खांबांच्या दाटीच्या मधोमध उभी होती, जशी एखाद्याने भाकरी मोडावी तशी. एवढं साधं चित्र! अप्पांच्या वहीतले दोन आकडे मी त्याच्या खाली लिहिले. मिलिमीटरसाठी उपग्रहावर फार विसंबता येत नाही, त्याला ढग दिसतात, नळी दिसत नाही. वेळ उपग्रहाची, माप अप्पांचं. दोन आकड्यांची बेरीज पासष्टच्या बरीच वर गेली.

छापायला नेहमीच्या दस्तगीरभाईंकडे गेले. आमची पत्रकं त्यांच्याच छापखान्यात होतात.

"क्या बाई, आज किसकी बारी?"

"माझी."

त्यांनी चष्मा लावून मजकूर वाचला. मथळा होता, 'मंगळवारचा पाऊस कुणीही पाडला नाही. चूक माझी.' खाली माझं नाव. "हौ? माफी का परचा?" ते म्हणाले. "इत्ते साल में पैली बार छापरा हूँ. बाई, एक बात बोलूँ? माफी छोटे अक्षर में छापते सब लोगां."

"त्या पत्रकाचा मथळा केवढा होता?"

"बड्डा था."

"तेवढाच. आणि कागद गुलाबीच."

आधी तालुक्याच्या कचेरीत गेलो, अप्पा आणि मी. साहेबांनी वही बघितली, माझं लेखी निवेदन बघितलं आणि म्हणाले, खुलासा मान्य, उद्यापासून किल्ली परत. पाच मिनिटांत झालं. मग मी लाल रेघेचं चित्र पुढे सरकवलं. म्हटलं, सलग चोवीस तास धरा, मग हे मंडळ अतिवृष्टीत येतं.

"दिवस म्हणजे साडेआठ ते साडेआठ," साहेब म्हणाले. "तुमच्याच निवेदनात आहे की."

"मोजायला तो दिवस बरोबर आहे, साहेब. पण ओढ्याला काय माहीत साडेआठ वाजले ते? पंचनाम्यासाठी तरी सलग पाऊस धरा."

"पटतंय. पण हे माझ्या हातात नाही. अर्ज द्या, वर पाठवतो."

दिला. वर गेलाय. अजून वरच आहे. मी पाठ सोडलेली नाही, आणि अशा चिरलेल्या पावसाच्या सकाळी मी आता बाकीच्या मंडळांतल्याही शोधून काढतेय. सापडतायत! पण नागव्वांचा पंचनामा त्या वर्षी झाला नाही, तो नाहीच झाला. आधी खोट्या चोराच्या मागे लागून मी जे दिवस घालवले, त्या दिवसांत हा अर्ज गेला असता. हे त्यांनी मला तोंडावर ऐकवलंय आणि मी ऐकून घेतलंय.

कचेरीच्या पायऱ्यांवर मी अप्पांना म्हटलं, सुटलात. ते म्हणाले, "साहेबानं माज्याशी बोलनं कुटं सोडलं हुतं? गावानं सोडलंय. किल्ली मी गावासमोर घेणार, न्हाईतर न्हाय."

म्हणून परत तोच बाजार, तीच जागा. मी पत्रकं वाटली आणि मोठ्याने वाचलं. चूक माझी, अप्पांची नाही, इथपर्यंत लोकांनी ऐकलं. जागतिक वेळेवर आले तशी माणसं भाजीकडे वळायला लागली.

"लई इंग्रजी बोलू नको," गर्दीतून नागव्वा म्हणाल्या. "एवडं सांग. अप्पा खरा आसंल तर मग माजा उडीद खोटा काय?"

अप्पा पुढे झाले. चहाच्या गाड्यावरून त्यांनी पाण्याने भरलेला तांब्या आणि दोन ग्लास घेतले. तांब्यातून पहिल्या ग्लासात ओतायला लागले. अर्धा तांब्या झाला तसे थांबले. "साडेआठ वाजलं." ग्लास बाजूला ठेवला, दुसरा घेतला आणि राहिलेलं पाणी त्यात ओतलं. "ह्यो सोमवारच्या नावावर. ह्यो मंगळवारच्या नावावर. म्या ह्यातला थेंब सांडला न्हाय."

नागव्वांनी दोन्ही ग्लास उचलले, दोन्हीतलं पाणी परत तांब्यात ओतलं आणि तो तांब्या अप्पांच्या पुढ्यात धरला.

"माज्या शेतात ह्यो आला. ह्येला कोन मोजतंय?"

"ह्येला कुनीच मोजत न्हाय, नागव्वा," अप्पा म्हणाले.

नागव्वा एकदम उसळल्या. "मग हे तवाच का न्हाय सांगितलं?"

"तुमी इचारलंच न्हाय! आल्या, श्या दिल्या आनि गेल्या."

लोक हसले. नागव्वाही हसल्या असाव्यात, पदर तोंडाला होता. "उद्या साडेआठला येते," त्या म्हणाल्या. "माज्यासमोर मोज."

"या की. वेळंवर या. मी थांबनार न्हाय."

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या बसने गेले. विश्रामगृहाच्या आवारात नागव्वा होत्या, चहावाला होता, दुकानासमोर बसणारी ती पोरं होती, आणखी पंधरा-वीस माणसं होती. पाऊस नव्हता, ढगाचं बोटही नव्हतं. धाला उठणाऱ्या गड्याने डोळे चोळत किल्ली आणली. अप्पांनी ती घेतली, कुलूप काढलं, पत्र्याचं नरसाळं उचललं आणि आतली बरणी बाहेर काढली. कोरडी ठक्क. तरी त्यांनी ती नळीवर उपडी धरली, जरा थांबले आणि नळी डोळ्यांसमोर आडवी-उभी करून बघितली. मग ती नागव्वांच्या हातात दिली.

"काय बगू?" नागव्वा म्हणाल्या. "काय न्हाईच हाय की ह्यात."

"न्हाय ना? मग 'न्हाय' लिवायचं. ते बी बगूनच लिवायचं."

त्यांनी नोंदवहीत लिहिलं. घड्याळ बघितलं आणि आकडा कळवायला फोन लावला. एरवी अप्पा हळू बोलतात, कान द्यावा लागतो. त्या दिवशी विश्रामगृहाच्या भिंतीवरून आवाज परत आला.

"पाऊस न्हाय, साहेब! शून्य! शून्य पूर्णांक शून्य!"

पलीकडून काहीतरी विचारलं असावं, कारण अप्पांनी एकदा आवारातल्या सगळ्यांकडे बघितलं.

"न्हाय साहेब, ऐकू येतंय तुमचं. गाव ऐकायलंय, म्हनून वरडलो."